खडूच्या नदीवर ट्राउटचा एक दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दक्षिण इंग्लंडच्या स्लाउ, रेडिंग, बेसिंगस्टोक या पट्ट्यात आता मराठी माणसं बरीच झाली आहेत. दर उन्हाळ्यात त्यांतलं कुणीतरी विचारतंच, "ते टोपी घालून नदीकाठी उभे असतात ना, तसं एकदा करून बघायचंय. काय काय लागतं?" ते म्हणजे फ्लाय फिशिंग: पिसं-दोऱ्यांचा खोटा किडा, म्हणजे फ्लाय, गळावर बांधून ट्राउट नावाचा गोड्या पाण्यातला मासा धरणं. विचारणाऱ्याच्या मनात रॉड (काठी), रील (दोरी गुंडाळायची फिरकी) आणि खरेदीची यादी असते. ते सगळं पुढे येईलच. पण इथल्या नदीवर पहिला मासा मिळतो तो डोळ्यांमुळे, आणि म्हणून सुरुवात पाण्यापासून करू.

हॅम्पशायर, विल्टशायर आणि बर्कशायरच्या बऱ्याच भागाखाली खडूचे जाड थर आहेत. खडू म्हणजे चुनखडीचाच मऊ, पांढरा, सच्छिद्र प्रकार. हिवाळ्यातला पाऊस टेकड्यांवर पडतो, खडूत मुरतो आणि काही महिन्यांनी पायथ्याच्या झऱ्यांतून बाहेर येतो. झऱ्यापाशी हे पाणी बारा महिने १० ते ११ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. उन्हाळ्यातला पाऊस झाडंझुडपंच पिऊन टाकतात, त्यामुळे जुलैत नदीला किती पाणी असेल हे आदल्या हिवाळ्यात ठरून गेलेलं असतं. गाळून आलेलं पाणी असल्यामुळे कमरेएवढ्या खोलीतला एकेक गोटा मोजता येतो. अशा नद्या जगात दोनशेच्या थोड्या वर आहेत आणि त्यांतल्या बहुतेक इंग्लंडात आहेत. त्यांत सगळ्यांत नावाजलेल्या दोन म्हणजे टेस्ट आणि इचन. टेस्ट ओव्हरटनजवळच्या ॲश गावाशी उगम पावते आणि साधारण ६४ किलोमीटर वाहून साउथॅम्प्टनच्या खाडीला मिळते. इचन तिच्याहून लहान आहे आणि विंचेस्टर शहराच्या मधून जाते.

जाता जाता एक गंमत सांगतो. टेस्टच्या वरच्या अंगाला लॅव्हरस्टोक नावाची कागदाची जुनी गिरणी आहे. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांचा कागद १७२४ पासून पोर्टल घराण्याने पुरवला, तो याच नदीच्या पाण्यावर. व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेल्या हिंदुस्थानच्या पहिल्या सरकारी नोटांचा हातकागदही इथलाच. त्याच गिरणीत २०१४ पासून जिन गाळतात, आणि त्या जिनच्या नावात बॉम्बे आहे. घरची मंडळी मासेमारीला कंटाळणारी असतील तर त्यांना तिकडे पाठवता येतं.

आता या पाण्याचा ट्राउटवर काय परिणाम होतो ते बघा. पाण्यात चुना भरपूर, म्हणून वनस्पती भरपूर, म्हणून गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी, गोगलगायी आणि पाणकिडे भरपूर. ट्राउटला खाण्यासाठी धावाधाव करावी लागत नाही. तो प्रवाहात एका जागी तोंड वर करून, म्हणजे प्रवाहाच्या उगमाकडे करून, उभा राहतो आणि समोरून वाहत येईल ते निवडून खातो. पाणी स्वच्छ असल्यामुळे तुमची फ्लाय खोटी आहे हे त्याला नीट दिसतं. तुम्हीही दिसता. डोंगरातल्या खळाळत्या ओढ्यावर दहा ठिकाणी गळ टाकला की एखाद्या ठिकाणी मासा लागतो. इथे तसं केलंत तर दहा ठिकाणचे मासे पळवून लावाल.

परवाना आणि बीट

कागदपत्रं दोन लागतात आणि दोन्ही वेगळी आहेत. नवखे इथेच घोटाळा करतात.

पहिला सरकारी रॉड परवाना. तो एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा असतो आणि सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटांत निघतो. वय १३ किंवा जास्त असेल त्या प्रत्येकाला तो लागतो. १३ ते १६ वयाच्या मुलांना फुकट मिळतो, पण काढावा लागतोच. एक दिवसाचा, आठ दिवसांचा आणि वर्षाचा असे प्रकार आहेत. एक दिवसाचा साधारण सात पौंडांना पडतो. परवान्याशिवाय सापडलात तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. सोबत आलेले पाहुणे नुसते बघत बसणार असतील तर त्यांना परवाना नको, पण "जरा एकदा टाकून बघतो" म्हणत काकांनी रॉड हातात घेतला की त्यांनाही हवा.

दुसरी परवानगी जमीनमालकाची. इंग्लंडात नदीकाठचा मासेमारीचा हक्क खाजगी असतो. नदीचे तुकडे केलेले असतात, त्यांना बीट म्हणतात, आणि एका बीटवर दिवसाला ठरावीक रॉडच, म्हणजे ठरावीक मासेमारच, येऊ देतात. टेस्टच्या चांगल्या बीटवर दिवसाचे शंभर-दीडशे पौंड सहज जातात आणि मे महिन्याच्या अखेरीस त्याच्या कितीतरी पुढे. ही रक्कम ऐकून पुष्कळांचा उत्साह तिथेच मावळतो. माझं मत विचाराल तर पहिल्या दिवसासाठी टेस्टचा मुख्य प्रवाह घेऊच नका. त्याचे फाटे असतात. जुन्या काळी कुरणं भिजवायला काढलेले हे पाट आहेत आणि त्यांना इथे कॅरियर म्हणतात. ते अरुंद असतात, लांब फेक लागत नाही, मासा जवळून दिसतो आणि भाडंही कमी असतं. पैसे उरले तर ते गाईडवर घाला. अर्धा दिवस गाईडबरोबर काढल्यावर जे कळतं ते एकट्याने एक अख्खा हंगाम घालवूनही कळेलच असं नाही, शिवाय सामान त्याचंच असतं.

बीट घेताना मालकाला किंवा कीपरला, म्हणजे नदी राखणाऱ्या माणसाला, चार गोष्टी आधीच विचारा. पाण्यात उतरायची परवानगी आहे का? बऱ्याच ठिकाणी नसते, कारण पायाखाली वनस्पती आणि अंडी घालायची खडी तुडवली जाते. निम्फ, म्हणजे पाण्याखाली जाणारी फ्लाय, चालते का, की फक्त ड्राय फ्लाय, म्हणजे तरंगणारी? मासा घरी नेता येतो का, की सगळे परत सोडायचे? आणि चौथा प्रश्न कुठल्याही माहितीपत्रकात नसतो: त्या आठवड्यात वीड कटिंग आहे का? टेस्ट आणि इचनवर उन्हाळ्यात ठरलेल्या तारखांना पाणवनस्पती कापतात. त्या दिवसांत वरच्या प्रत्येक बीटवरून कापलेल्या वनस्पतींचे ढीग वाहत येतात आणि दर फेकीला गळाला हिरवा झुपका लागतो. तारखा दरवर्षी आधीच जाहीर होतात. त्या टाळा.

कधी जायचं

हंगाम एप्रिलच्या सुरुवातीला उघडतो आणि बहुतेक बीट सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये बंद होतात. एप्रिलमध्ये गारठा असतो, किडे दुपारच्या दोन-तीन तासांतच निघतात, बाकी वेळ नदी मेल्यासारखी वाटते. मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला मे फ्लाय निघते. हा पाणकिडा नदीतळाच्या गाळात साधारण दोन वर्षं वाढतो आणि पंख फुटल्यावर दिवस-दोन दिवसच जगतो. पंख फुटल्यानंतर तो काही खात नाही. नखाएवढ्या किड्यांवर जगणाऱ्या ट्राउटला एकदम एवढा मोठा घास मिळाला की तो बेफिकीर होतो. या काळाला इथले लोक अडाण्यांचा पंधरवडा म्हणतात, कारण तेव्हा कुणालाही मासा मिळतो. भाडं परवडत असेल तर नवख्याने हाच काळ घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. परवडत नसेल तर जूनचा उत्तरार्ध घ्या. तेव्हा अंधार पडायला साडेनऊ होतात आणि संध्याकाळची खरी मौज तेव्हाच असते. जुलै-ऑगस्टच्या कडक उन्हात दुपारी काही होत नाही, तेव्हा जायचं तर चहा घेऊन पाचनंतर.

सामान

साडेआठ ते नऊ फुटांचा, चार वजनाचा रॉड घ्या. हा चार किलोचा नव्हे, लाइन किती जड याचा आकडा आहे. त्याला त्याच वजनाची तरंगणारी लाइन, म्हणजे जाड दोरी, आणि पुढे नऊ फुटांचा निमुळता, पारदर्शक दोरा, म्हणजे लीडर, लागतो. लीडरच्या टोकाला ०.१५ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा टिपेट, म्हणजे अगदी बारीक दोरा, जोडायचा. दुकानदार तुम्हाला पाच-सहाशे पौंडांचा रॉड दाखवेल. शंभर पौंडांत रॉड, रील, लाइन असा पूर्ण संच मिळतो आणि पहिली दोन वर्षं त्यात काहीही कमी पडत नाही.

पैसे जिथे घालायचे ते दुसरीकडे: पोलराइज्ड चष्म्यात. पाण्यावरची चकाकी त्याने कापली जाते आणि आतला मासा दिसतो. तपकिरी किंवा पिवळसर भिंग घ्या, काळं नको. पुढे झुकलेली टोपी हवी, तिच्या सावलीमुळे चष्म्याच्या आतल्या बाजूला उजेड येत नाही. गळापासून डोळे वाचतात, हा चष्म्याचा दुसरा फायदा. कपडे हिरवट, मातकट. पांढरा शर्ट घालून आलात तर नदीकाठी बसून डबा खा. जाळं रबरी धाग्याचं घ्या, कारण सुताच्या गाठींनी माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो. गळ काढायला छोटा चिमटा, टिपेट कापायला नेलकटर, फ्लाय तरंगती ठेवायला जेलची बाटली. बस.

फ्लायची डबी उघडून शंभर प्रकार बघून घाबरू नका. सहा-सात पुरतात. पॅराशूट ॲडम्स १४ आणि १६ नंबरमध्ये (हा गळाचा नंबर, आकडा जितका मोठा तितका गळ बारीक), कारण ती कुठल्याच किड्याची हुबेहूब नक्कल नसून सगळ्यांसारखीच दिसते आणि तिचा पांढरा तुरा नवख्यालाही पाण्यावर सापडतो. मे फ्लायच्या दिवसांत ग्रे वुल्फ १० नंबर. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सेज (पतंगासारख्या पाणकिड्याची नक्कल) आणि शेरी स्पिनर (अंडी घालून मरणाऱ्या किड्याची नक्कल). काळ्या माश्यांसाठी ब्लॅक नॅट. आणि निम्फ चालत असेल तर फेझंट टेल. ही शेवटची फ्लाय विल्टशायरच्या एव्हन नदीवरचा कीपर फ्रँक सॉयर याने बनवली. तिच्यात दोराच नाही. नर फेझंट पक्ष्याच्या शेपटीची पिसं आणि तांब्याची बारीक तार, एवढ्या दोनच वस्तू. आज ती जगभर वापरतात.

सगळ्या फ्लायचे गळ बिनकाट्याचे हवेत. टोकाजवळ उलटे काटे असतील तर ते चिमट्याने दाबून टाका.

आदल्या आठवड्यात, गवतावर

फ्लायला वजन नसतं, म्हणून ती फेकता येत नाही. फेकायची ती लाइन. तिच्या मागे फ्लाय जाते. हे कागदावर वाचून कळत नाही, पार्कात जाऊन लीडरच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधून करून बघा. रॉड डोक्याजवळ उभा धरला की तो घड्याळाच्या बारावर असतो. पुढे दहापर्यंत, मागे एकपर्यंत, एवढीच त्याची धाव. मागे नेल्यावर थांबायचं. लाइन मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे. झोका मागे पुरता गेल्याशिवाय आपण त्याला पुढे ढकलत नाही, अगदी तसं. नवख्याची ऐंशी टक्के भानगड या न थांबण्यात असते. ताकद लावायची गरज नाही. आठ-दहा मीटर नीट पडली की छोट्या नदीवर भागतं. पंचवीस मीटर फेकणारे लोक पार्कात छान दिसतात.

गाठी दोनच शिका: फ्लाय बांधायची क्लिंच आणि लीडरला टिपेट जोडायची सर्जन्स. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली की दोरा घासून कच्चा होतो.

आणि पार्कात असो की नदीवर, डोक्यावरच्या विजेच्या तारांपासून निदान तीस मीटर लांब. रॉड कार्बनचा असतो आणि कार्बनमधून वीज जाते.

सकाळी

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून विंचेस्टर साधारण तासाभराचं आहे. टेस्टवर जायचं तर स्टॉकब्रिजला गाडीनेच गेलेलं बरं. बीटवर जाण्यापूर्वी स्टॉकब्रिजच्या मुख्य रस्त्यावर दहा मिनिटं थांबा. रस्त्याखालून नदीचे फाटे वाहतात आणि पुलांवरून खाली मोठमोठे ट्राउट निवांत उभे दिसतात. तिथे त्यांना धरायचं नाही, पण पाण्यातला मासा दिसतो कसा हे शिकायला याहून चांगली जागा नाही. आधी दिसतो तो मासा नसतो, त्याची वाळूवर पडलेली सावली असते. मग शेपटीची हळू हालचाल. मग मध्येच तोंड उघडताना चमकलेली पांढरी रेघ: त्याने खाल्लं. एकदा ही तीन चिन्हं डोळ्यांत बसली की बीटवर तुम्हाला वनस्पतीच्या प्रत्येक काडीत मासा दिसायचा बंद होतो.

बीटवर पोचल्यावर रॉड लगेच जोडू नका. प्रवाहाच्या खालच्या टोकाला जा आणि वर चालत या. मासा उगमाकडे तोंड करून असतो, म्हणजे तुम्ही त्याच्या पाठीमागून येता. चालायचं सावकाश, काठापासून दोन-तीन पावलं आत. काठाची जमीन भुसभुशीत असते, जड पाऊल पडलं की हादरा पाण्यात पोचतो. काठावर गवताची उंच पट्टी मुद्दाम न कापता ठेवलेली असते, तिच्या आडून बघा. सावली पाण्यावर पडू देऊ नका.

इथे थोडं भौतिकशास्त्र कामाला येतं. पाण्याखालून माशाला वरचं जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतूनच दिसतं, बाकी पृष्ठभाग त्याच्या दृष्टीने आरसा असतो. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे काठावरची उंच वस्तू त्या गोल खिडकीच्या कडेला दिसते आणि अगदी बुटकी वस्तू कडेलाच चेपली जाऊन जवळजवळ नाहीशी होते. म्हणून वाका. गुडघ्यावर बसा. गुडघ्यावर बसून फेकणारा माणूस हास्यास्पद दिसतो आणि मासे त्यालाच मिळतात.

मासे कुठे असतात? मेमध्ये नदीभर पांढऱ्या फुलांच्या वनस्पतींचे लांब पट्टे असतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये स्वच्छ खडीची गल्ली असते, तिच्या खालच्या टोकाला बघा. पुलाची सावली. झाडाची लोंबती फांदी. जुन्या दारांच्या खालचा डोह, म्हणजे जिथे पाणी अडवून सोडतात तिथे. काठ आतून पोखरलेला असतो ती जागा. सगळ्यांत मोठा मासा पुष्कळदा तुमच्याच पायाखालच्या काठाला असतो आणि नवखा माणूस पलीकडे बघत त्याला पळवतो.

दुपारी: उठणारा मासा

अकरानंतर किडे निघायला लागतात आणि पाण्यावर वर्तुळं दिसायला लागतात. वर्तुळ दिसलं रे दिसलं की फेकायचं, असं करू नका. तो मासा निदान पाच-सहा वेळा उठू द्या, म्हणजे पृष्ठभागावर येऊन खाऊ द्या. तो एकाच जागी उठतोय का, किती सेकंदांनी उठतोय, वाहत येणारं काय खातोय आणि काय सोडतोय हे बघा. पाण्याला नुसतं चुंबन घेतल्यासारखं बारीक वर्तुळ असेल तर तो पाण्यावर मरून पडलेले छोटे किडे टिपतोय. जोरात उसळी असेल तर उडू बघणारी सेज किंवा मे फ्लाय. पाणी फुगतं पण नाक बाहेर येत नाही, तेव्हा तो पृष्ठभागाच्या खालीच निम्फ, म्हणजे अजून पंख न फुटलेले किडे, खातोय आणि तुमची ड्राय फ्लाय कितीही सुंदर पडली तरी तो ढुंकून बघणार नाही.

या शेवटच्या प्रकारावरून इथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासेमारीवर पुस्तकं लिहिणाऱ्या फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी ठरवून टाकलं की खडूच्या नदीवर उठणाऱ्या माशाला तरंगती फ्लाय, तीही प्रवाहाच्या वर फेकूनच. मग विंचेस्टरजवळ इचनवर मासे धरणारे वकील स्क्यूज म्हणू लागले की मासा पाण्याखाली खात असेल तर फ्लायही पाण्याखालचीच हवी. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वादसभा झाली, तेव्हा स्क्यूज ऐंशीच्या घरात होते. माझ्या मते स्क्यूज यांचं बरोबर होतं. पण तुम्ही ज्या बीटवर आहात त्याच्या मालकाचं काय मत आहे तेच त्या दिवसापुरतं खरं. बऱ्याच ठिकाणी निम्फला जुलैपासूनच परवानगी असते.

आता फेक. माशाच्या मागे, थोडं बाजूला, गुडघ्यावर. लाइन हवेत मापून घ्यायची ती माशाच्या डोक्यावर नाही, बाजूला. फ्लाय त्याच्या पुढे साधारण मीटरभर पडली पाहिजे आणि तिथून स्वतःहून वाहत आल्यासारखी आली पाहिजे. ती पाण्याच्या वेगाने येत नसेल, लाइनने ओढली जाऊन पाण्यावर बारीकशी रेघ काढत असेल, तर संपलं. यालाच ड्रॅग म्हणतात. काठाशी पाणी हळू आणि मध्ये वेगवान असतं, म्हणून मधल्या पाण्यावर पडलेली लाइन फ्लायला खेचते. उपाय दोन: जागा बदलून माशाच्या सरळ मागे या, किंवा लाइन सैल, नागमोडी पडेल अशी फेका. फ्लाय माशाला ओलांडून दोन मीटर खाली गेल्याशिवाय उचलू नका. त्याने घेतली नाही म्हणून वैतागून तिथूनच उचललीत तर पाणी उसळतं आणि मासा गेला. पहिली फेक सर्वांत महत्त्वाची, दुसरीला निम्मी आशा, पाचवीनंतर त्याला दहा मिनिटं विश्रांती द्या आणि फ्लाय बदला. अशा वेळी मोठी बांधायचा मोह होतो, बांधायची मात्र आधीच्यापेक्षा एक नंबर बारीक.

त्याने घेतली! इथे हात आपोआप झटका मारतो आणि फ्लाय त्याच्या तोंडातून रिकामी परत येते. मोठा ट्राउट सावकाश वर येतो, तोंड मिटतो, खाली वळतो. वळल्यावरच गळ बसतो. इंग्रज लोक तेवढ्या वेळात "गॉड सेव्ह द किंग" म्हणतात. आपण मनातल्या मनात "गणपती बाप्पा" म्हणावं आणि "मोरया"ला रॉड नुसता वर उचलावा. छोट्या माशाला एवढा वेळ लागत नाही, पण छोटा सुटला तर सुटला.

लागल्यावर तो थेट वनस्पतीत घुसणार. रॉड उभा धरून वर ओढलंत तर तो खाली जोर लावतो. रॉड आडवा करून बाजूला ओढा, त्याचं डोकं फिरतं. तुम्ही काठाने खाली चालत जा, म्हणजे त्याला प्रवाहाशी आणि तुमच्याशी अशा दोन्हींशी झगडावं लागतं. फार वेळ खेळवू नका, दमून मेलेला मासा सोडून उपयोग नाही. जाळं पाण्यात आधी बुडवून ठेवा आणि मासा त्याच्यावर आणा. जाळं घेऊन माशाच्या मागे धावू नका.

हात ओले करा. कोरड्या हाताने धरला की त्याच्या अंगावरचा थर निघून पुढे बुरशी लागते. शक्यतो जाळ्यातच, पाण्यातच गळ काढा. फोटो काढायचा तर फोन आधी तयार ठेवा आणि माशाला पाण्याबाहेर पाच सेकंदांच्या वर ठेवू नका. मग प्रवाहाकडे तोंड करून हलकेच आधार द्या, तो स्वतः ताकदीने निघून जाईपर्यंत.

गळाला पाठीवर मोठ्या पंखाचा, चंदेरी मासा लागला तर तो ग्रेलिंग. तोही सुंदर मासा आहे, पण १५ मार्च ते १५ जून त्याचा बंदीचा काळ असतो, तेव्हा लागलीच सोडा.

संध्याकाळी

दुपारी तीन ते सहा पुष्कळदा शुकशुकाट असतो. कीपरच्या लाकडी खोपटात बाकडं असतं, तिथे डबा खा, पाय पसरा. काठावर आडवं होणार असाल तर घरी गेल्यावर पायांवर आणि कमरेपाशी गोचीड बघा, इथल्या गोचिडांमुळे लाइम नावाचा आजार होतो. खाजकुयलीसारखी आग करणारं नेटल गवत काठभर असतं, त्यामुळे अर्धी चड्डी नको. पिल्लांसह असलेल्या हंसांच्या वाटेला जाऊ नका. गाईंच्या कुरणातून जाताना फाटक जसं सापडेल तसंच ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद.

दुसरं कुणी मासे धरत असेल तर त्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसू नका. तो वर सरकत चाललेला असतो, तुम्ही त्याचं पुढचं पाणी खाल्लंत असं होतं. आधी हॅलो म्हणा आणि "तुम्ही कुठपर्यंत जाणार?" एवढं विचारा. लोक स्वतःहून दोन जागा दाखवतात.

सूर्य उतरला की हवा पडते आणि सेजची फडफड सुरू होते. शेवटचा तास दिवसातला सगळ्यांत चांगला आणि सगळ्यांत अवघड असतो, कारण फ्लाय दिसत नाही. फ्लाय जिथे असावी तिथे वर्तुळ उठलं की रॉड उचला. उजेड आहे तोवर नवा टिपेट बांधून घ्या. अंधारात सोळा नंबरच्या गळाचं भोक सापडत नाही.

घरी न्यायचा असेल तर

काही बीटवर दोन मासे नेऊ देतात, तेही बाहेर वाढवून नदीत आणून सोडलेलेच. जन्मजात इथला जंगली ट्राउट मात्र सोडावा, नियम काहीही असो. न्यायचाच तर पाण्याबाहेर तडफडत ठेवू नका. डोक्यावर एक घट्ट फटका, त्यासाठी छोटा दांडका मिळतो. लगेच पोट साफ करून ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. कालवणात ट्राउट वाया जातो. त्याची चव हलकी असते, नारळ-चिंचेपुढे ती टिकत नाही. हळद, मीठ, थोडं तिखट आणि लिंबू चोळून, रवा लावून तव्यावर कुरकुरीत परतावा. सुरमईच्या पंक्तीला तो बसणार नाही, पण उपासमारही होत नाही.

निघताना खोपटात एक वही असते. किती धरले, किती सोडले, कुठली फ्लाय, हे त्यात लिहायचं. एकही नाही मिळाला तरी शून्य लिहा. कीपर त्या वहीवरून नदीचा हिशेब ठेवतो आणि कोऱ्या जागेने त्याला काहीच कळत नाही. घरी आल्यावर बूट आणि जाळं गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, उन्हात असेल तर उत्तम. परक्या कोळंबीची आणि वनस्पतींची लागण एका नदीतून दुसरीत अशीच ओल्या सामानातून जाते. पुढच्या शनिवारी दुसऱ्या नदीवर जाणार असाल आणि जाळं अजून ओलसर असेल, तर दुसरं मागून आणा.